कोकणात राहून डिझाइनचा पाया आणि पोर्टफोलिओ कसा बांधायचा: क्लासची फी भरायच्या आधी हे वाचा

बारावी झालीय किंवा होतेय, हात बरा आहे, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली आहे, आणि कोणीतरी डोक्यात घातलंय की "डिझाइनला जा, स्कोप हा". मग मोबाइलवर शोधायला गेलं की पुण्या-मुंबईच्या क्लासच्या जाहिराती, त्यांच्या फीचे आकडे, आणि पन्नास हजाराच्या खाली नसलेले लॅपटॉप. कुडाळ-मालवण-देवगडच्या बऱ्याच मुलांचा उत्साह इथेच संपतो. मी सिंधुदुर्गातूनच हे सगळं करून बाहेर पडले, आता मे महिन्यात गावी आले की कोणाच्या ना कोणाच्या वह्या बघायला बसते आणि दरवेळी तेच सांगते, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. गावी राहून वर्षभरात पाया पक्का होतो, फक्त कुठल्या क्रमाने काय करायचं हे माहीत पाहिजे.

१. आधी ठरवा कुठे जायचंय, कारण पोर्टफोलिओ सगळीकडे लागत नाही

हे कोणी सांगत नाही आणि मुलं बारावीच्या वर्षात पोर्टफोलिओ (आपल्या निवडक कामाची फाइल) सजवत बसतात.

आयआयटीमध्ये बी. डेस. (डिझाइनची पदवी) करायचं तर यूसीड ही परीक्षा, आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत असते. बारावी आर्ट्स, कॉमर्स, सायन्स काहीही चालतं. लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, त्यामुळे "सहज बघूया जमते का" म्हणून एक संधी उडवू नका. तिचा पार्ट ए कॉम्प्युटरवर असतो, पार्ट बी कागदावर हाताने, आणि पार्ट ए मध्ये कटऑफच्या वर आलात तरच तुमचं ड्रॉइंग कोणी तपासतं. म्हणजे चित्रकलेवर कितीही भरवसा असला तरी आकडेमोड, आकृत्या फिरवून बघणं, निरीक्षण यांचा सराव सोडून चालत नाही. इथे पोर्टफोलिओ कोणी मागत नाही, रँकवर ॲडमिशन.

निफ्ट या फॅशनच्या संस्थेला (मुंबईचं कॅम्पस खारघरला आहे) लेखी परीक्षा आणि पुढे सिच्युएशन टेस्ट, त्यात दिलेल्या सामानातून वस्तू बनवायची. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट ही परीक्षा प्रिलिम्स आणि मेन्स अशी दोन टप्प्यांत, मेन्सला स्टुडिओ टेस्ट, तीही हाताने करायची. बीएफएची (चित्रकलेच्या पदवीची) वाट धरायची तर राज्याची एएसी सीईटी वेगळी. घरापासून फार लांब जायचं नसेल तर चिपळूण तालुक्यात सावर्डेला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, आणि तळकोकणातल्यांना पणजीचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट अंतराने मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, फक्त तिथले राज्याबाहेरच्यांसाठीचे नियम आधी बघून घ्या.

पोर्टफोलिओ लागतो तो मुख्यतः एम. डेस.च्या, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाच्या, मुलाखतीला (सीड परीक्षेनंतर), बऱ्याच खासगी कॉलेजांना आणि परदेशी जायचं असेल तर. मग बी. डेस.वाल्यांनी पुढचं वाचायचं की नाही? वाचायचं. परीक्षेत जे विचारतात त्याचा सराव आणि पोर्टफोलिओचा कच्चा माल एकच आहे, सजावट तेवढी नंतर करा.

२. सामान: लॅपटॉप सगळ्यात शेवटी

सुरुवातीला एवढंच घ्या:

- २बी, ४बी, ६बी पेन्सिली, एक साधं काळं बॉलपेन
- ए४ चे स्वस्त कोरे कागद, पुष्कळ. चांगली कार्ट्रिज शीट (ड्रॉइंगचा जाड कागद) फक्त फायनलला
- खिशात मावेल अशी एक वही, जी खराब झाली तरी वाईट वाटणार नाही
- पोस्टर कलर: लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा. बारा रंगांचा सेट नको
- कटर, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल, जुने खोके
- फोन, ज्याचा कॅमेरा बरा आहे

महागड्या स्केचबुकचा तोटा असा की पहिलं पान खराब होईल म्हणून हात उचलत नाही. ताकदीचे स्केचेस मी कायम लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बघितलेत.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद दमट होतो, पोस्टर कलर वाळत नाही, कपाटात ठेवलेल्या शीटवर बुरशीचे ठिपके येतात. चांगलं काम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, पिशवी जमिनीला किंवा जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका. आणि काम पूर्ण झालं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, नेट असो नसो. सड्यावर रेंज येईल तेव्हा ड्राइव्हवर चढवा.

३. पहिले काही महिने फक्त बघणं आणि रेषा

यात घाई करू नका. मला विचाराल तर इथे जेवढा वेळ द्याल तेवढा पुढे वाचतो.

पर्स्पेक्टिव्ह (जवळचं-लांबचं कागदावर कसं दाखवायचं ते) शिकायला कोकणासारखी जागा नाही हे मी गंमत म्हणून सांगत नाहीय. किनाऱ्यावर उभे राहा. समुद्र आणि आकाश मिळतात ती रेषा बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. तुमच्याएवढ्या उंचीचा माणूस त्याच वाळूत कितीही लांब उभा असू दे, ती रेषा त्याच्या डोळ्यांवरूनच जाते. वाळूत बसलात की रेषा तुमच्याबरोबर खाली येते, त्याच माणसाच्या कमरेच्या आसपास. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर चढा, ती वर येते आणि खालची माणसं पूर्ण तिच्या खाली जातात. पुस्तकात ज्याला होरायझन लाइन म्हणतात ती हीच. मुंबईचा मुलगा ही रेषा कागदावर कल्पनेने मारतो, तुम्हाला ती समोर दिसते. एकाच जागेवरून बसून, उभं राहून आणि उंचावरून अशी तीन चित्रं काढा, अर्धा विषय तिथेच समजतो.

उरलेला अर्धा चिऱ्याच्या भिंतीवर. जांभ्याच्या चिऱ्यांचे आडवे सांधे तिरपे उभं राहून बघा, डोळ्याच्या वरचे सांधे लांब जाताना खाली उतरतात, डोळ्याच्या खालचे वर चढतात, आणि सगळे पुढे वाढवले तर एका बिंदूत मिळतात. घराच्या कोपऱ्यासमोर उभे राहिलात तर दोन बाजूंना दोन बिंदू. गिलावा न केलेलं घर शोधा, त्याच्या भिंतीवर रेषा आधीच मारलेल्या आहेत.

मग गोल वस्तू. कळशी, तांब्या, टोप, करवंटी. जवळजवळ प्रत्येक नवीन वहीत दोन चुका असतातच: तोंडाचा लंबगोल दोन्ही टोकांना टोकदार काढलेला, आणि बूड सरळ पट्टीसारखं. वस्तू डोळ्याच्या खाली असेल तर बुडाचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त फुगीर दिसतो, कारण तो आणखी खाली आहे. पन्नास कळशा काढा. हो, पन्नास, कंटाळा येतो, काढा.

माणसं काढायला बाजार. हर्णैचा मासळीचा लिलाव, मालवणची जेटी, कुठलाही आठवडी बाजार, एसटी स्टँड. कोणी थांबून राहणार नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटात पोझ पकडायची: पाठीचा बाक, डोक्यावरच्या पाटीचं वजन कुठल्या पायावर आहे, एवढंच. चेहरे नकोत. घरी आल्यावर तेच दृश्य आठवणीतून परत काढा, परीक्षेत समोर काही नसतं, सगळं डोक्यातूनच येतं. आजी बघून म्हणणार "माका काय कळणा नाय ह्यां काय काढलंस", तेव्हा तिला विचारा की यातली कोळीण कुठची आणि गिऱ्हाईक कुठचं. तिला ओळखता आलं तर चित्र जमलंय.

४. रंग आणि अक्षर

रंगाचं थोडक्यात. तयार हिरवी बाटली घेऊ नका. पिवळा-निळा मिसळून आणि त्यात किंचित लाल टाकून वेगवेगळे हिरवे करा, जुलैतली भातशेती, माड, फणसाचं पान, शेवाळलेला गडगा. प्रत्येक चौकोनाखाली प्रमाण लिहा. हा एकच कागद पोर्टफोलिओत दहा लँडस्केपपेक्षा जास्त सांगतो.

अक्षराकडे मात्र मराठी मुलंच दुर्लक्ष करतात याचं मला आश्चर्य वाटतं. होड्यांवर हाताने रंगवलेली नावं, जुन्या दुकानांच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, यांचे फोटो जमवा आणि त्यातली अक्षरं ट्रेस न करता बघून काढा. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, हे न केल्याने बहुतेक पोस्टर गच्च दिसतात. कॉम्प्युटरवर करताना मुक्त किंवा बलू हे फॉन्ट घ्या, मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि युनिकोड आहेत. डीटीपीच्या दुकानातून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये मजकूर आणलात तर दुसऱ्याच्या मशीनवर त्याचा कचरा होतो. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झालेत ना, म्हणजे फाइलच्या आतच गेलेत ना, तेही बघा.

५. हाताने वस्तू करा

सिच्युएशन टेस्ट आणि स्टुडिओ टेस्टमध्ये गावची मुलं खरं तर पुढे असायला हवीत, पण घाबरतात. वायर, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, सुतळी, कापड, घड्याळ लावून अर्ध्या-एक तासात एक वस्तू करायची असा सराव ठेवा. मातीसाठी तुमच्या वाडीतली गणपतीची शाळा आहेच. श्रावणात तिथे हात लागतातच, जाऊन बसा, आधी माती मळायला देतील, मग हातपाय, मग कधीतरी सोंड. आतला सांगाडा कसा धरतात, वजन पाटावर कसं येतं, ओली माती कुठे तडकते, हे क्लासमध्ये पैसे भरून शिकवत नाहीत. कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो काढा, मूर्तिकारांना विचारून.

६. आजूबाजूला झालेलं डिझाइन वाचायला शिका

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं: कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा कसा तोलतो, ओतताना पाणी कसं पडतं, घासायला हात आत जातो का. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये एनआयडी उभी राहिली. तुम्हाला हाच प्रश्नांचा पट्टा घरच्या वस्तूंना लावायचाय. विळी, रोवळी, इरलं, सूप.

एक उदाहरण घ्या, आंब्याचा झेला. लांब बांबू, पुढे जाळी, हे सगळ्यांना माहीत. पण फळ ओढून काढलं की देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो, डाग पडतात आणि देठाकडून फळ कुजायला लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला तो देठासकट आंबा उतरवण्यासाठी. बागेतल्या गड्याला विचारलं तर तो एका वाक्यात सांगतो, "देठ रवाक होयो". पातं कुठे बसवलं, जाळी किती खोल, बांबूचं वजन वर गेल्यावर मनगटावर किती येतं, हे सगळं मोजून, स्केच करून एक पान करा. याला म्हणतात प्रॉडक्ट ॲनालिसिस.

ग्राफिकमध्ये रस असेल तर सावंतवाडीची गंजिफा बघा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग (इस्पिक-बदाम असतात तसे), प्रत्येकात बारा पानं, म्हणजे १२० गोल पत्ते, आणि प्रत्येक अवतार एका खुणेवर ओळखू आला पाहिजे. आयकॉन सेट म्हणतात तो हाच, कित्येक पिढ्या आधीचा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, तिथे गोष्ट चित्रांच्या पोथीवर कशी पुढे सरकते ते स्टोरीबोर्डवाल्यांनी बघायलाच पाहिजे. पण एक सांभाळा: चित्रकथीची नक्कल करून "माझं इलस्ट्रेशन" म्हणून लावू नका. अभ्यास म्हणून लावा, कुठे बघितलं ते लिहा.

७. एक तरी खरा प्रोजेक्ट, खऱ्या माणसासाठी

पोर्टफोलिओत कॉफी ॲप आणि काल्पनिक स्नीकरचा लोगो सगळेच घालतात. तुम्ही ओले काजूगर घ्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी बायका ओल्या काजूच्या बिया कापून गर काढतात. सालातलं तेल कातडी भाजतं, म्हणून कोणी हाताला खोबरेल लावतं, कोणी राख, हातमोजे घातले तर बी घसरते. इथून सुरू करा, पण उपाय सुचवायला लगेच धावू नका. आधी दोन-तीन जणींबरोबर बसून नुसतं बघा. बी कुठल्या बोटांत धरतात, पातं कुठल्या बाजूने घालतात, गर अख्खा राहतो की तुटतो (तुटला की भाव पडतो), पाठ कधी दुखायला लागते, चीक नेमका कुठे लागतो. हे सगळं स्केचमध्ये. मग वीस छोटे छोटे विचार, अंगठ्याएवढे, वेडगळ पण चालतील. त्यातले दोन पुठ्ठ्यात करा, एक सुताराकडून लाकडात करून घ्या, आणि ज्यांना बघितलं त्यांच्याच हातात द्या. त्या बहुतेक दहा मिनिटांनी परत विळीकडे जातील! ते का गेल्या, हे लिहिलेलं पान तुमच्या पोर्टफोलिओतलं सगळ्यात वजनदार पान. मग बदल करा, परत द्या.

काजू नको असेल तर एसटी स्टँडवरचं वेळापत्रक घ्या, जेटीवरची तिकिटाची रांग घ्या, मासे विकणाऱ्या मावशींची उन्हापावसातली बसायची जागा घ्या. फोटो काढताना विचारा, आणि चेहरा दाखवायची गरज नसेल तर हात दाखवा.

८. मांडणी

कॉलेजने पानांची आणि फाइलच्या साइजची मर्यादा दिली असेल तर ती पाळा, नसेल तर बारा-पंधरा पानांच्या वर जाऊ नका. तीन-चार प्रोजेक्ट, शेवटी दोन पानं निवडक स्केचेस. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये फायनल फोटो एक आणि त्याआधीची खटपट तीन-चार पट. परीक्षक तयार चित्र दोन सेकंद बघतात, खटपटीवर थांबतात आणि तिथलेच प्रश्न विचारतात.

फोटो ढगाळ दिवशी ओसरीत काढा, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो कितीही एडिट करा, घाणच दिसतो. सॉफ्टवेअर फुकटातली पुरतात: मांडणीला फिगमा, व्हेक्टरला इंकस्केप, रंगवायला क्रिटा, थ्रीडीला ब्लेंडर. क्रॅक केलेली घेऊ नका, व्हायरस येतो आणि मुलाखतीत कुठलं वापरलं विचारलं की तत-पप होते. सजलेली तयार टेम्प्लेट घेतलीत तर तुमचं काम मागे पडतं आणि टेम्प्लेटच दिसते, पांढरं पान, एक फॉन्ट, पुरे.

एआयने केलेली चित्रं आपली म्हणून घालायचा मोह होईल. समोर कागद-पेन्सिल ठेवून "हे इथे काढून दाखव" म्हणाले तर काय करणार? पिंटरेस्टवरून उचललेल्याचंही तेच.

सरावासाठी यूसीड-सीडचे जुने पेपर त्यांच्याच साइटवर फुकट आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं डी'सोर्स नावाचं संकेतस्थळ बघा, त्यावर डिझाइनचे धडे आणि देशभरच्या कारागिरीची माहिती आहे. हे संपवल्याशिवाय क्लासला पैसे देऊ नका. संपवून झाल्यावर बहुतेकांना गरजच वाटत नाही.

९. कागदपत्रं, जिथे खरी वाट लागते

- दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, आणि त्यावरचं नाव गुणपत्रकाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते (वडलांचं नाव मध्ये आहे-नाही, यावर अर्ज अडकतात)
- फोटो आणि सही स्कॅन करून, सांगितलेल्या साइजमध्ये
- डोमिसाइल, राज्याच्या प्रवेशासाठी
- लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस

मोठा सापळा ओबीसी मुलांसाठी. राज्याचं नॉन-क्रीमी लेयर वेगळं आणि केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं. आयआयटी, एनआयडी, निफ्ट या केंद्राच्या संस्था, त्यांना केंद्राचाच नमुना लागतो, आणि तो त्यांनी सांगितलेल्या तारखेनंतरचाच हवा, सहसा त्या आर्थिक वर्षातल्या १ एप्रिलनंतरचा. राज्याच्या यादीत असलेल्या सगळ्याच जाती केंद्राच्या यादीत नाहीत, आणि राज्यात एनटी किंवा एसबीसी असलेल्या काही जाती केंद्रात ओबीसीत येतात, म्हणून यादी स्वतः उघडून बघा. राज्याच्या प्रवेशाला उलट जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ते आधीपासून काढायला टाका. सेतूत जाताना संस्थेच्या माहितीपुस्तिकेतला नमुना छापून न्या आणि "हाच हवा" असं दाखवून सांगा.

वेळेचं गणित असं की दाखल्यांचं काम एप्रिल-मेमध्येच उरकायचं, आंबा कितीही असू दे. निकाल लागले की सेतूत पाय ठेवायला जागा नसते, मग गणपती, आणि गणपतीत आपल्याकडे कोण कुठल्या ऑफिसात भेटतं ते तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याच्या आसपास यूसीडसारखे फॉर्म सुरू होतात. शेवटच्या दिवशी भरू नका, लाइट जाते.

१०. मुलाखतीला किंवा परीक्षेला निघताना

केंद्राच्या शहरांच्या यादीत रेल्वेने एका दमात पोचता येईल असं शहर निवडा, आणि आदल्या दिवशी पोचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि दरड आली की त्याचाही उपयोग नसतो. मूळ शीट गुंडाळून पीव्हीसी पाइपमध्ये, दोन्ही टोकांना झाकण, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, पोर्टफोलिओच्या नळीपेक्षा स्वस्त आणि पाणी जात नाही. ती टपावर किंवा डिकीत टाकू नका, मांडीवर ठेवा. पीडीएफ पेन ड्राइव्हवर, फोनमध्ये आणि स्वतःच्या मेलवर अशी तीन ठिकाणी. आणि ती खिशातली मळकी वही विसरू नका, बऱ्याचदा मुलाखत घेणारे चकचकीत फाइल बाजूला ठेवतात आणि तीच मागतात.